डाळ शिजेल ते पाणी

मोर्शीत माझ्या मोठ्या भावाचा ट्रक आहे. दिवाळीनंतर तो अकोल्याकडच्या जिनिंगला कापूस वाहतो आणि फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री उतरली की, मुलताईचा घाट चढून उत्तरेला जातो. या दोन कामांच्या मधल्या एखाद्या दिवशी ट्रक घरासमोर कडुनिंबाखाली उभा राहतो आणि भाऊ इंजिन तपासतो. गॅरेजमध्ये नेत नाही. हत्यारं घरात आहेत, आणि आपलं इंजिन दुसऱ्यानं उघडलेलं त्याला आवडत नाही.

मागच्या वर्षी तो मधला दिवस मिळाला नाही. शेजारच्या काकाजींच्या बागेची तोड आदल्या दिवशीच झाली होती. संत्र्यांचे ढीग बागेत तणसाखाली झाकलेले होते. दिल्लीच्या व्यापाऱ्याला शब्द गेला होता आणि संध्याकाळी चारला भराई सुरू होणार होती. ट्रक वेळेवर पोचला नसता तर काकाजींनी दुसरा बोलावला असता, आणि एकदा बागेत आलेला ट्रक पुढच्या वर्षीही येतो. त्या बागेचा माल माझ्या भावानं कधी दुसऱ्या कुणाला नेऊ दिला नव्हता.

त्याच दिवशी सकाळी त्यानं रेडिएटर रिकामा केला. मी सुट्टीला अमरावतीहून आलो होतो. पाने हातात देण्याचं काम माझ्याकडे आलं.

काकाजी फाटकातून आत आले तेव्हा पंखा आणि पट्टा जमिनीवर होते.

"काय रे बापू, बिघडली काय गाडी?"

"नाही."

"मंग खोलून काहून राह्यला?"

"बिघडू नये म्हनून."

काकाजी माझ्याकडे वळले. "तू तं पेपरात हाय. समजाव याले. माल तिकडं तोडून पडला अन् हा चालत्या गाडीचं पोट फाडून राह्यला."

भावानं कारण सांगितलं. हिवरखेडहून कापूस घेऊन अकोल्याकडे जाताना पाण्याचा पाइप फाटला होता. जवळचं गाव खारपाणपट्ट्यातलं होतं, तिथल्या हातपंपाचं खारं पाणी ओतण्याशिवाय इलाज नव्हता. पाइप बांधून वापरला. नवा मिळेपर्यंत पुढच्या फेऱ्यांनाही तेच पाणी भरावं लागलं. भाऊ ट्रकमध्ये स्टोव्ह ठेवतो आणि रस्त्यावर स्वतः रांधतो. त्या पाण्यात त्यानं तुरीची डाळ चढवली होती. डाळ उकळत राहिली, दाणा मोडला नाही.

"डाळ कच्ची राह्यली तवाच मले समजलं," तो म्हणाला. "वॉटर पंप बदला लागते."

"डाळीचा अन् पंपाचा काय संबंध?"

"घाटात समजते तो."

ही परीक्षा मुळात वहिनीची. छतावरून उतरलेलं पावसाचं पाणी ती अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत झाकून ठेवते आणि ते फक्त वरणासाठी काढते. पाहुण्याला प्यायलाही त्यातलं देत नाही. बाहेरचं कोणतंही पाणी चांगलं की वाईट, हे ती डाळीवरून ठरवते. भावानं ती रीत ट्रकला लावली.

पंप निघाला. काकाजींनी तो हातात घेऊन फिरवला. तो अडखळला नाही, आवाजही केला नाही.

"हे तं नवंच हाय. आनखी दहा वर्सं चालते."

भावानं पंप उलटा केला. खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजू लागलं की पाणी तिथून झिरपतं. छिद्र कोरडं होतं, पण त्याच्या खाली पांढरा ओघळ वाळलेला होता. वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं वाकून पाहिलं.

"माह्या कुकराच्या बुडाले असंच बसते."

"तं मंग घासून टाकाचं," काकाजी म्हणाले.

"आतून कसं घासू? तुमी जाता काय आत?" भावानं विचारलं.

आधीच आणून ठेवलेला नवा पंप बसला. जुन्या गास्केटचे तुकडे खरवडण्यात बराच वेळ गेला. भाऊ त्यात घाई करत नाही. मग पट्टा चढला, पंखा चढला, आणि खालच्या पाइपची क्लिप आवळायला तो ट्रकखाली शिरला.

काकाजींना बसवत नव्हतं. ते मोटरसायकलवर बागेत गेले, बोअरच्या पाण्याच्या दोन कॅन घेऊन आले आणि कोणाला न विचारता रेडिएटरमध्ये ओतून मोकळे झाले. मी हत्यारं पुसत होतो. माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरी कॅन संपत आली होती.

"झालं बापू. मी भरलं पानी. ज्या पान्यावर आपलं संत्र गोड होते, तेच टाकलं."

वहिनी दारात उभी होती.

"काकाजी, ह्या पान्यात डाळ शिजते काय तुमच्या घरी?"

"शिजते ना. मस्त शिजते."

"काकू सोडा नाही टाकत?"

काकाजींनी कॅन खाली ठेवली. "चिमूटभर टाकते."

"मंग इंजिनात कोन टाकीन सोडा?" भाऊ खालूनच म्हणाला, आणि त्यानं रेडिएटरचा नळ उघडला. पाणी कडुनिंबाच्या आळ्याकडे वाहत गेलं.

तीन वाजून गेले होते. काकाजींनी बागेच्या दिशेला पाहिलं. तिथं मजूर बसून होते.

"आता?"

वहिनीनं टाकीचं झाकण काढलं होतं. "पावसाळा येईस्तोवर आमचं वरन ह्यातच शिजाचं हाय. तुमीच काढा बादलीनं, म्हंजे किती गेलं ते दिसन."

काकाजींनी बादल्या आणल्या. भावानं पहिलं पाणी नुसतं फिरवून सोडून दिलं.

"धुवायले बी हेच?"

"हेच."

दुसऱ्या वेळी त्यानं कुलंट घालून फडक्यातून पाणी गाळत भरलं आणि इंजिन सुरू केलं. ते तापेपर्यंत चालू ठेवलं. तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला. त्यानं नव्या पंपाखाली बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं निघालं. चारला थोडा वेळ उरला असताना ट्रक बागेत शिरला.

भराई संपल्यावर काकाजींनी टाकीतल्या पाण्यानं भरलेली एक कॅन केबिनमध्ये दोरीनं बांधून दिली. घाटात ती लागली नाही. भाऊ दिल्लीहून परतला तेव्हा ती तशीच भरलेली होती. वहिनीनं ते पाणी टाकीत परत ओतलं.

यंदा काकाजी तोडीचा दिवस ठरवायला आले, तेव्हा ते आधी ट्रकभोवती एक चक्कर मारून आले.

"या साली कुठं डाळ कच्ची राह्यली काय रे बापू?"

"नाही."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिनंही मान हलवली.

"मंग उद्याचेच मजूर सांगतो," काकाजी म्हणाले.