वर्तुळाबाहेरची शेड

शेजारच्या जिल्ह्यांत बर्ड फ्लूची बोंब उठली तेव्हा मी नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. इकडे एक समिती बसली, आणि रोग एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत कसा पसरेल याचं गणित संगणकावर मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच हौसेनं घेतलं. माझा धाकटा भाऊ विंचूरजवळ पोल्ट्री चालवत होता आणि त्याचं सगळं घर त्या पक्ष्यांवर उभं होतं.

समितीला वर्तुळ हवं होतं. रोगट शेड मधोमध, भोवती वर्तुळ. आतले पक्षी मारायचे, बाहेरच्यांनी निश्चिंत झोपायचं. रोग काही कंपास घेऊन चालत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगत होते. खाद्याचा ट्रक एका शेडवरून दुसरीवर जातो, अंड्यांचे ट्रे गावोगाव फिरतात. त्याहून वाईट म्हणजे आपली माणसं. कुणाकडे पक्षी मरायला लागले की मयतीला जावं तशी भेटायला जातात, शेडमध्ये शिरून मेलेले पक्षी बघतात, हळहळतात आणि त्याच चपलांनी आपल्या शेडवर परततात. मला नकाशावर या येण्याजाण्याच्या रेघा हव्या होत्या. अध्यक्षांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मॅडम, वर्तुळ काढता येतं. नातीगोती कुठं काढत बसायची?" बाकीचे हसले. माझा तिळपापड झाला, पण वर गेलं ते वर्तुळच.

थोड्याच दिवसांत कळवणकडे भावाच्या सासऱ्यांच्या पोल्ट्रीत मर लागली. कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग की बर्ड फ्लू, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी भावाला फोन करून बजावलं, जाऊ नकोस.

"ताई, सासरा हाय माझा. त्यांच्या घरात चूल नाय पेटली. मी नाय गेलो तर बायकोला काय तोंड दाखवू?"

मी चिडले, विनवलं, पुन्हा चिडले. शेवटी म्हटलं, जा बाबा, पण आल्या आल्या अंघोळ कर आणि कपडे बदल. हे मात्र त्याला लगेच पटलं. आमच्याकडे दुःखाच्या दारावरून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नाही.

तो गेला, आला, अंघोळही केली. कुठे? शेडवरच्या टाकीवर! घराला विटाळ नको म्हणून. अंगावरचे कपडे तिथेच शेडच्या जाळीला अडकवले, पक्ष्यांना खाद्य टाकलं आणि स्वच्छ होऊन घरी गेला. हे त्यानं मला फोनवर मोठ्या समाधानानं सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी समितीच्या मागे लागले, की ही शेड तपासा. वर्तुळ सासऱ्यांच्या शेडभोवती आहे, भावाची शेड त्याबाहेर, आदेश नाही, हेच उत्तर. पुन्हा फोन केला तेव्हा पलीकडच्यानं विचारलं, तुम्हाला भावाचेच पक्षी मारून हवेत का?

भावाच्या पक्ष्यांनी माना टाकल्या तेव्हा सगळे धावत आले. नमुने गेले, शेड बंद झाली, आणि अहवाल यायच्या आत माझ्या भावाला मधोमध घेऊन नवं वर्तुळ तयार झालं. मी रजा टाकून तिकडे गेले आणि फाटकाशी खुर्ची घेऊन बसले. गावातले पोल्ट्रीवाले मान खाली घालून भेटायला येऊ लागले. मी एकेकाला परत पाठवलं. ज्या शेजारच्या काकांकडे भाऊ हे काम शिकला, ते म्हणाले, "पोरी, दुःखात दार लावत नसतात." मी म्हटलं, काका, तुमच्याच पक्ष्यांसाठी सांगतेय. ते आल्या वाटेनं वळले. त्यांच्यामागून येणारेही रस्त्यातूनच फिरले.

भाऊ दिवसभर आत तपासणीला आलेल्या साहेबांबरोबर होता, त्याला यातलं काही दिसलं नाही. संध्याकाळी बाहेर आला, माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

"सगळ्यांच्या दारावर गेलो गं मी," तो म्हणाला. "माझ्याकडं कुणीच नाय आलं?"