फोटोत धूर नको

अहेरीच्या बाजारात लटारू दुर्गेचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा आणि एक स्टूल. नोकरीचा अर्ज भरणारा असो, एस.टी.चा पास काढणारा असो की लग्नाची पोरगी असो, त्याच स्टुलावर बसायचं, मान सरळ करायची आणि श्वास धरायचा. दिवसभर तोंडं पाहून पाहून लटारूला माणसांच्या तोंडांचाच वीट आला होता. हे तो गिऱ्हाइकासमोरही खुशाल बोलायचा.

म्हणून दिवाळी सरली की स्टुडिओला कुलूप लावून तो आठ दिवस पहाड्या तुडवायला निघायचा. खांद्याला जुना यशिका कॅमेरा, पिशवीत भाकरी. त्याची बायको कांता म्हणायची, "लोकं पहाडावर लाकडासाठी जाते, डिंकासाठी जाते. तुमी झाडाचे पानं पाहाले जाता. कोनाले सांगाची मले लाज वाटते."

तिचंही काही खोटं नव्हतं. पण लटारूच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. दुकानादुकानांत काश्मीरच्या लाल पानांची कॅलेंडरं लटकतात, मग आपल्या पहाड्यांनी काय घोडं मारलंय? थंडी पडली की धावडा तांबडा होतो, सालई पिवळी पडते, डोंगरभर गवत उन्हाच्या रंगाचं होतं. ते पाहायला नजर लागते आणि ती आपल्याला आहे, याची त्याला पक्की खात्री होती. नजर होतीच. ती नसती तर बरं झालं असतं.

त्र्याऐंशी साली तो असाच कोसमपहाडीवर पोचला. वर कोसमटोला, गोंडांची आठ घरं. इसरू नावाच्या म्हाताऱ्यानं ओळखदेख नसताना त्याला घरी उतरवून घेतलं. त्याची बायको सोमारी हिनं दोन दिवस पेज वाढली. इसरू त्याला वाटा दाखवत हिंडला आणि तिसऱ्या सकाळी समोरच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथून लटारूला हवी होती ती सीनरी दिसली. ऊन तिरपं, सगळा उतार तांबडापिवळा, घरं झाडीच्या आड. फक्त आठ चुलींचा धूर तेवढा झाडांवर तरंगत होता.

"इसरूभाऊ, फोटोत धूर नको," लटारू म्हणाला. "घडीभर चुली इझवाले सांगा. अन् पोराइले घरात घ्या."

इसरूला त्यातलं काही कळलं नाही, पण पाहुण्याचा शब्द. म्हातारा टेकडी उतरला, पहाडी चढला, घरोघर सांगत फिरला. सोमारीनं अर्ध्या शिजलेल्या कण्यांची हंडी खाली उतरवली आणि चुलीत पाणी ओतलं. आठही घरांची माणसं उपाशीपोटी दारं ओढून आत बसली. इकडे लटारूनं त्या निवळलेल्या पहाडीवर रोलचे बाराच्या बारा फोटो खर्ची घातले आणि स्वतःवरच खूश झाला.

तो टोल्यावर परतला तेव्हा इसरूच्या घरापुढे सारी वस्ती ओळीनं उभी होती. सोमारीनं केसांना तेल लावलं होतं.

"फोटोभाऊ, आता आमचा काढ," इसरू म्हणाला.

रोल संपला, एवढं सांगायला काय जात होतं? पण लटारू ओशाळला, आणि रडक्या पोरांसाठी स्टुडिओत करायचा तेच त्यानं केलं. रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका दाबला. "झाला!" सगळे हसले, पोरांनी उड्या मारल्या.

त्यानंतर इसरू आठवडी बाजारात भेटला की विचारायचा, "आला का बाप्पा आमचा फोटो?" लटारूचं उत्तर ठरलेलं, "रंगीत हाये ना, नागपूरले धुवाले गेला." चार वर्षं तो फोटो नागपुरात धुतला जात होता.

पहाडीच्या फोटोचं मात्र सोनं झालं. एका कंपनीनं तो कॅलेंडरवर घेतला. खाली छापलं, 'निर्मनुष्य वनश्री', आणि कोपऱ्यात लटारूचं नाव आणि साल. वर्ष उलटलं तरी स्टुडिओतलं ते कॅलेंडर त्यानं काढलं नाही.

सत्त्याऐंशीत त्याच कंपनीला खाणीसाठी कोसमपहाडीचा दगड हवा झाला. वरच्या वस्तीचं काय करायचं, ते ठरवायला सरकारी साहेबानं अहेरीत मंडप घालून सुनावणी ठेवली. सुनावणीचे फोटो काढायला लटारूलाच बोलावलं होतं. कंपनीच्या माणसानं उभं राहून कॅलेंडर उघडलं.

"साहेब, हा चार वर्षांपूर्वीचा फोटो. यात एक घर दाखवा, एक माणूस दाखवा. ही घरं नोटीस निघाल्यावर मोबदल्यासाठी उभी केली आहेत."

साहेबानं इसरूला विचारलं, "वस्ती जुनी असल्याचा काही पुरावा आहे?"

कागद एकाच्याही घरी नव्हता. पण इसरूचा चेहरा खुलला. "हाये ना साहेब! फोटो हाये. आमी सारेच आहो त्यात, घर बी हाये. ह्या फोटोभाऊजवळ."

सारा मंडप लटारूकडे वळला. आयुष्यभर दुसऱ्यांना मान सरळ करा म्हणणाऱ्या लटारूची मान वर होईना.

"साहेब, घरं होती," तो म्हणाला. "मी तिथं जेवलो. धूर फोटोत येत होता, म्हणून मीच चुली विझवायला लावल्या."

"तुमचं म्हणणं लिहून घेतो," साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पण यांचा फोटो? हरवला का?"

हो म्हणणं सोपं होतं. "काढलाच नव्हता, साहेब. कॅमेऱ्यात रोल नव्हता."

मागं कोणीतरी फसकन हसलं. साहेबानं पुढचा कागद ओढला. कोसमटोल्यापुढे 'अलीकडील अतिक्रमण' असं लिहिलं गेलं.

मंडपाबाहेर इसरू आणि सोमारी चिंचेखाली उभे होते. लटारू जवळ गेला. म्हाताऱ्यानं चार शिव्या घालाव्यात, कॅमेरा आपटावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. इसरूनं त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मंग त्या दिवशी आमी हासलो," त्यानं हळूच विचारलं, "ते कोनाकडे पाहून, फोटोभाऊ?"