गव्हाणीखालची मुलगी

अंबरनाथकरांनो, आपल्या गावच्या रिबकाबाई नागावकरांचा मुलगा कुठे पुरला आहे, हे तुम्ही कधी विचारलंत का?

इटलीत. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आमची म्यूल कंपनी डोंगरावरच्या पिकेटला, म्हणजे पुढच्या चौकीला, रेशन आणि दारूगोळा पोचवत असे. खेचरं लादायची, चढायचं, उतरायचं. हवालदार बिन्यामीन नागावकर आमचा सेक्शन कमांडर. धर्माने यहुदी, बोलीने आमच्यासारखाच कुलाबा जिल्ह्यातला, मूळ गाव नागाव.

एका दुपारी आम्ही एका म्हातारीच्या गोठ्यात खेचरं बांधली. नागावकरचं खेचर गवताला तोंड लावेना. कान टवकारून गव्हाणीखाली बघत राहिलं. खाली कोणीतरी होतं.

"जर्मन!" मी ग्रेनेड काढला. म्हातारी आडवी आली.

"पिनवरचा हात काढ," नागावकर म्हणाला. "जनावर भ्यालेलं नाही. मी बघतो."

त्याने फळ्या उचकटल्या. आत सात-आठ वर्षांची मुलगी. स्वतःचं तोंड स्वतःच्याच हाताने दाबून बसलेली. बरोबरच्या दुभाष्याने म्हातारीला विचारून सांगितलं: यहुदी म्हणून जर्मनांनी तिच्या आईबापांना नेलं. म्हातारीने तिला वर्षभर तिथे लपवून जगवलं.

"शालोम," नागावकर हळूच म्हणाला. हा त्यांच्यातला रामराम.

मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि घाईघाईने छातीवर क्रूस काढला.

"म्हातारीने पक्कं शिकवलंय," तो हसला. मग उगाचच खोगिराचे पट्टे आवळत बसला.

वर्षभर आखडून बसल्याने मुलीला चालता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तिला खेचरावर बसवून ड्रेसिंग स्टेशनकडे, फौजेच्या दवाखान्याकडे, निघाला. वाटेत मॉर्टरचा मारा सुरू झाला. मागून आम्ही पोचलो तेव्हा खेचर मेलेलं होतं. नागावकर मुलीवर पालथा पडला होता. तो गेला. मुलीला ओरखडाही नव्हता.

पुढे फाळणीनंतर माझी ड्यूटी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पवर लागली. सुट्टीत रिबकाबाईंकडे गेलो. कारखान्यातले तीन-चार शेजारी ओट्यापाशी उभे होते. एकाने विचारलं,

"काय मावशी, तिकडे तुमचा यहुद्यांचा देश झाला म्हणे. कधी निघताय?"

"निघते की. नागावला. येतोस पोचवायला?"

दोघं-तिघं हसले. त्या हसल्या नाहीत.

देश गमावलेल्या माणसांनी कॅम्पच्या बराकी भरल्या आहेत. आणि कोसभर अलीकडे आपण एका बाईला तिच्याच देशातून उठवतो आहोत, तेही थट्टेत! हवालदार बिन्यामीन नागावकर हिंदुस्थानच्या फौजेचा जवान होता. त्याच्या कबरीवर मी माझ्या हाताने माती लोटली आहे.

उद्या रिबकाबाईंकडे जा. ओट्यावर बसा. त्यांच्या हातचं पाणी मागून प्या.