विहीणबाईंचा बिझनेस व्हिसा

ईशान आणि रेवा, तुमच्या आईच्या आईइतकी जिद्दी बाई बोरिवली ते विरार पट्ट्यात झालेली नाही आणि तुमच्या पोर्तुगालात तर नसणारच. येत्या गुरुवारी ती तिकडे कायमची राहायला येते आहे. एकदा पोचली की स्वतःबद्दल ती स्वतःच सांगत सुटेल, मग माझं कोण ऐकणार, म्हणून आत्ताच लिहिते. हे बाबांकडून वाचून घ्या, आईकडून नको.

बोरिवलीचे आजोबा वारल्यापासून माझ्या या विहीणबाईंनी युरोपच्या व्हिशांचा जेवढा अभ्यास केला, तेवढा मी एम.ए.लाही केला नव्हता. माणूस दिसला की त्या मनातल्या मनात त्याचा अर्ज भरून टाकतात. प्लंबर नळाशी झटत असला की "याला जर्मनी उचलून नेईल." कुणाचा भाचा नुसता बारावी निघाला की "पदवी नाही? मग युरोपातल्या नोकरीचं ब्लू कार्ड विसर म्हणावं." वाकोल्याला एका तेराव्याला आम्ही बरोबर गेलो होतो. तिथे कोपऱ्यात एक मुलगी मुसमुसत होती. विहीणबाईंनी पाठीवरून हात फिरवत विचारलं, काय करतेस? नर्स आहे म्हणाली. "गो बाय, मग रडतंस कित्याक? जर्मन शिक!" मुलगी रडायची थांबली, हे मला न आवडूनही खरं आहे.

स्वतःसाठी मात्र त्यांना काही बसेना. नोकरीच्या व्हिशाला वय आडवं येई. टूरिस्ट व्हिशाचं नाव काढलं की नाक उडवायच्या. "नव्वद दिवस! पोरं अंगाला चिकटायला लागतात तोवर आपण बॅग भरायला घ्यायची." शेवटी धंदा करणाऱ्यांचा व्हिसा सापडला. तिथे व्यवसाय उभा करायचा आणि तो चालेल हे आधी पटवून द्यायचं. व्यवसाय तयारच होता. निम्मी बोरिवली त्यांचा मालवणी मसाला खाते. "मिरची पोर्तुगीजांनीच आणली ना आपल्याकडे? मग भाजून, कुटून परत देते." भाषेचं काय, मी विचारलं. "चावी, साबण, बटाटा, पगार, पाव. सगळे त्यांचेच शब्द. अर्धी भाषा आली की!"

आता इंग्रजी माझं कॉन्व्हेंटचं. तुमच्या आईबाबांच्या लग्नात वरमाय म्हणून चांदीच्या ताटाचा मान माझा, आणि आग्रह करकरून वाढणाऱ्या याच बाई. पण इथल्या आजोबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून मला मुलुंड सोडता येत नाही, आणि तुमच्याकडे राहायला निघाल्या त्या. मत्सर वाटतो का, असं आजोबा विचारतात. मी त्यांना गोळी देते.

मुलाखतीची तालीम माझ्याच हॉलमध्ये झाली. मी अधिकारी झाले. "व्हाय पोर्तुगाल?" मी चष्म्यावरून विचारलं. विहीणबाई मसाल्यापासून निघाल्या आणि दुसऱ्याच वाक्यात रेवाच्या पडलेल्या दातावर पोचल्या.

"मुलगी तिथे असते हे अर्जात लिहिलंय ना? मग आता धंद्याचं बोला," मी दरडावलं. पुन्हा दात. तिसऱ्यांदाही दातच.

"मग तुम्हीच दाखवा ना करून!" असं म्हणत त्या खुर्ची ओढून अधिकारी झाल्या.

मी दाखवलं. बाजारपेठ, भांडवल, पॅकिंग, सगळं इतकं मुद्देसूद की आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. विहीणबाई गालावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि नातवंडं?"

मी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"रिजेक्ट," त्या हळूच म्हणाल्या. "धंदा तुमचा झकास आहे हो, विहीणबाई. मन भलतीकडेच आहे." आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. मला ते आवडलं नाही, पण मी हात सोडवलाही नाही.

त्यांना व्हिसा मिळाला. मुलाखतीत माझीच वाक्यं घडाघडा म्हटली, असं त्या बोरिवलीभर सांगत फिरतात.

तिच्या हातचं तिखट जरा बेतानं खा. ती रोज तुम्हाला शाळेतून आणायला येईल, वेण्या घालेल, रागावेल. मग कधीतरी तुम्ही 'बोरिवलीची आजी' म्हणायचं विसराल आणि नुसतं 'आजी' म्हणाल. ते बरोबरच आहे. समोरच्या माणसाला गावाचं नाव कशाला लावायचं? मला ते लागेल. मुलुंडची आजी अजून मुलुंडला आहे.