कावेरीच्या वळणाचा सांधा

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एक म्हातारे सुतार होते. सगळे त्यांना नुसतं ‘आसारी’, म्हणजे तमिळमध्ये सुतार, म्हणत. जेवणाच्या टेबलासाठी फणसाची आणि सागाची फळी जोडून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक नागमोडी साचा ठेवून दोन्ही फळ्यांवर लाकूड कापायचा राउटर फिरवला. दर कामाला त्यांचा हाच साचा. भुसा फुंकून फळ्या भिडवल्या, तर मध्ये नखही शिरेना. तरी एका वळणावर ते पुन्हापुन्हा अंगठा फिरवत राहिले.

“आसारी, ही सांध्याची रेघ म्हणजे तर तिरुवैयारू गावाजवळची कावेरी!” मी सहज म्हटलं.

“होय अम्मा,” ते तमिळमध्ये हळूच म्हणाले. “याच वळणावर माझी मुलगी बुडाली. कितीही नीट कापलं तरी सांधा इथं केसभर उघडाच राहतो. हात लावून बघा.”

मी बोट ठेवलं. लाकूड ठणठणीत कोरडं होतं, तरी बोट ओलं झालं. मी घाबरून पाहिलं, तर त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझं बोट पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं.

टेबल घरी आलं. आम्ही रोज त्यावर जेवतो. माझ्या लेकीला मात्र त्या वळणापाशी मी बसू देत नाही.