धोंडाबाई मुराळी

ताम्हिणी घाटातल्या एका मोठ्या वळणावर धबधबा अगदी रस्त्याला खेटून कोसळतो. त्याच्या अंगाला निळ्या प्लास्टिकच्या कागदाखाली धोंडाबाई कणसं भाजते. अठरा पावसाळे ती तिथं बसते आहे आणि अठरा पावसाळे तिची पाठ धबधब्याकडे आहे, कारण गिऱ्हाईक रस्त्याकडून येतं. ज्याच्यासाठी माणसं पुण्याहून तासन्‌तास गाड्यांच्या रांगेत तिष्ठत येतात, त्याबद्दल तिला विचारलं तर ती म्हणते, "पानी हाय. पडतंय."

तिचं लक्ष असतं ते खाली कोकणात उतरणाऱ्या रस्त्याकडे. घाटाखालच्या एका वाडीत तिची लेक राणी दिलेली आहे. नागपंचमीच्या सणाला सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येणारा तो मुराळी. भाऊ जातो, नाहीतर चुलतभाऊ, नाहीच तर शेजारचा एखादा बाप्या. आपल्या पायानं निघून येणं लेकीला शोभत नाही आणि आईनं न्यायला जाण्याची रीत नाही. राणीचा भाऊ गोरख दरवर्षी न चुकता जायचा, आधी एसटीनं, मग मोटरसायकलवर. चार वर्षांपूर्वी ओढ्याकडचं शेत एका फार्महाऊसवाल्याला द्यायचं ठरलं आणि राणीनं सही करायला साफ नकार दिला. बापानं दगड वेचून केलेलं शेत ते. बहीणभावाचं असं वाजलं, की गोरखनं जाणं सोडलं.

धोंडाबाईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडले. पण निरोप म्हणजे काही मुराळी नव्हे. राणी आली नाही. चार पंचम्या कोरड्या गेल्या, आणि त्या घाटात कोरडं म्हणावं असं दुसरं काहीच नसतं. सरळ सांगायचं तर म्हातारीचा जीव तुटत होता. लेकीच्या केसांत तेल घालावं, तिनं कुरकुरावं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा पंचमीचा आदला दिवस, म्हणजे चतुर्थी, रविवारी आली. गोरख घोटावड्याला कारखान्यात कामावर गेला होता. सकाळपासून गाड्यांची रीघ लागली होती. भुकूमच्या नव्या सोसायटीतलं एक जोडपं कणसं घ्यायला थांबलं, शेखर आणि प्रिया. "आजी, हा रस्ता पुढे कुठे जातो?" प्रियानं विचारलं.

"माज्या लेकीकडं," धोंडाबाई म्हणाली, आणि तोंडातून निघून गेलं, "मला न्याल का तितपर्यंत?"

ऐन रविवारी धोंडाबाईनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं. शेजारचा चहावाला आ वासून बघत राहिला. ती ओल्या लुगड्यानिशी मागच्या सीटवर अगदी कडेला, अंग चोरून बसली.

आता गाडी सरळ खाली जाईल अशी तिची समजूत. पण ती माणसं निसर्ग बघायला निघाली होती! दर धबधब्यापाशी गाडी थांबायची, प्रिया छत्री उघडायची, वारा ती उलटी करायचा, शेखर त्याचाही फोटो काढायचा. पाच धबधबे झाले. सहाव्याला धोंडाबाई म्हणाली, "बाई, समदीकडं त्येच पानी हाय." शेखर मोठ्यानं हसला. पण तिला हसू येत नव्हतं. पावसाचा जोर वाढत होता, आणि घाटात एखादी दरड खाली आली की सगळंच मुसळ केरात.

वाटेत प्रियानं तिच्यापुढे बिस्किटं धरली. मग तिलाच शंका आली. "उपवास नाही ना तुमचा? माझी आजी आज भावासाठी धरायची."

"धरायची मीबी. भाऊ गेला, उपास सुटला," धोंडाबाई म्हणाली आणि बिस्किट घेतलं.

शेवटच्या व्ह्यू पॉइंटवर पुन्हा गाडी थांबली. कठड्यापलीकडे नुसतं धुकं. दरी नाही, झाड नाही, काही नाही. "काहीच दिसत नाही," प्रिया हिरमुसली. या वेळी धोंडाबाईही खाली उतरली. कठड्याला धरून ती त्या पांढऱ्या धुक्यात एके ठिकाणी बघत राहिली. "तितं हाय तिचं घर," ती म्हणाली. "वाडीच्या टोकाला. दारात फणस हाय." तिनं इतक्या खात्रीनं बोट दाखवलं, की ती दोघंही तिकडे बघत राहिली. त्यानंतर मात्र शेखरनं गाडी कुठेच थांबवली नाही.

फणसाच्या झाडाशी गाडी उभी राहिली तेव्हा राणी पडवीत तांदूळ निवडत होती. आईला बघून ती उठली. पण तिची नजर आईवर ठरेना, ती गाडीकडे गेली, मागच्या सीटवर गेली. सीट रिकामी होती. ती नजर धोंडाबाईनं ओळखली.

"न्यायला आलेय तुला," कसंबसं ती म्हणाली.

राणीची सासू भिमाबाई बाहेर आली. बाई मोठी खमकी. हसेल, टोमणा मारेल, अशी धोंडाबाईला धास्ती होती. पण भिमाबाईनं तांब्या भरून आणला, मुराळ्याच्या पायावर घालतात तसं तिच्या पायावर पाणी घातलं, पाट मांडला. "मुराळी आलाय," ती म्हणाली, "उपाशी जाऊ द्यायचा न्हाई." शेखर-प्रियालाही तिनं बसवून घेतलं.

राणीनं वाढलं. तांदळाची गरम भाकरी, वरण, शिरा. धोंडाबाईनं तिचा हात धरला. "चल की गं माज्यासंगं."

"तुज्यासंगं येईन आये. पर घरात दादा हाय. त्यानं ये म्हनलं न्हाई, तर उंबरा कसा वलांडू?" राणीचा आवाज फुटला. "चार वर्सं ह्या पडवीत बसून वाट बघितली मी."

धोंडाबाईनं आपल्या ताटातला शिऱ्याचा घास उचलला आणि लहानपणी भरवायची तसा लेकीच्या तोंडाशी नेला.

राणीनं तोंड बाजूला केलं. "आज नगं आये. उपास हाय."

धोंडाबाईचा हात तसाच राहिला. "भावाचा?"

"मग कुनाचा?"

"चार वर्सं धरतीयास?"

"सही न्हाई दिली म्हनून काय भाऊ मेला व्हय माजा?" राणी फणकारली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

धोंडाबाई तशीच उष्ट्या हातानं उठली. कमरेच्या पिशवीतून तिनं बटणांचा फोन काढला आणि पडवीच्या टोकाला, जिथं रेंज येते म्हणून भिमाबाईनं सांगितलं, तिथं जाऊन उभी राहिली. पागोळ्यांचं पाणी खांद्यावर पडत होतं. गोरखनं फोन उचलला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"आये, कुटं हायेस तू? चहावाल्याचा फोन आलता. कुनाच्या गाडीत बसून गेलीस?"

"राणीच्या दारात हाय. गोरख, ऐक. पोरीनं तुजा उपास धरलाय. दर साली धरतीया."

मशीनचा आवाज लांब गेला, बहुधा तो बाहेर येऊन उभा राहिला असावा. फोन कट झाला की काय म्हणून धोंडाबाईनं तो कानावर आणखी दाबून धरला.

"आये," गोरख म्हणाला, "घाट चालू हाय का?"