खांबावरचा सूर

शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीच्या मुली दप्तरं उचलून घरी पळायच्या आणि माझ्या पोटात गोळा यायचा. आमची शाळा जुन्नर तालुक्यातल्या आळे गावाच्या बाजूला. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत ती अजून कौलारू होती. मागे मुरमाड मैदान आणि त्याच्या दोन टोकांना खो-खोचे दोन लाकडी खांब. घंटेनंतर तिथं खेळाचे सर उभे असायचे. गळ्यात शिट्टी, हातात निरगुडीची ओली फांदी.

सरांची शिकवायची पद्धत साधी होती. एखादी गोष्ट ते एकदा करून दाखवायचे आणि मग आमची चूक व्हायची वाट बघायचे. पाटीत, म्हणजे दोन खांबांमधल्या ओळीत, बसलेली मुलगी खो मिळाल्यावर उशिरा उठली की तिच्या पोटरीवर फांदी बसायची. पाऊल चुकीच्या दिशेला पडलं तरी तेच. शिव्या ते कधी देत नसत, आवाजही चढवत नसत. चूक झाली की सावकाश चालत जवळ यायचे. ते पोहोचेपर्यंतची ती वेळ फटक्याहून वाईट असायची. फटका बसला की उलट सुटल्यासारखं वाटायचं.

आणि आम्ही शिकलो, हेही खरं. जुन्नरला जाऊन तालुक्याचे सामने जिंकून आलो, तेव्हा गावाच्या वेशीपासून शाळेपर्यंत आम्हाला ट्रॅक्टरमधून आणलं. त्या दिवशी माझे वडील विहारासमोर उभे होते. आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी, जिच्या अंगात शाळेच्या संघाचा बनियन होता. वडील लहान असताना गावातली मुलं खेळायची तेव्हा त्यांना मैदानाच्या कडेला उभं राहावं लागायचं, चेंडू बाहेर आला तरी हात लावायचा नाही. हे त्यांनी मला स्वतः कधी सांगितलं नाही, आत्यानं सांगितलं. वडिलांनी सरांना एवढंच सांगून ठेवलं होतं की चुकली तर सोडू नका. त्यामुळे मला मैदानाची भीती वाटते, हे घरी बोलायची सोयच नव्हती.

पाटीत माझ्या शेजारी बसायची ती घाटाजवळच्या मढ गावाकडची मुलगी. तिच्या गावी भाताची खाचरं आणि नाचणी. पुढं शिकायला म्हणून ती आळ्यात मामाकडे राहायला आली होती. चढउतारावर वाढलेली, त्यामुळे सपाटीवर पळताना तिचे पाय जमिनीला टेकतच नाहीत असं वाटायचं. तिला फांदी बसली तरी ती पोटरी चोळत हसायची. मी एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, घाटात धुकं उतरतं तेव्हा समोरचा बैलसुद्धा दिसत नाही, त्याच्यापुढं ही काठी काय. मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती शेजारी असली की मला थोडा धीर यायचा.

खो-खोत सगळ्यात अवघड काम खांबावरचा सूर. पळणारा गडी खांबाला वळसा घालून निसटत असतो. पाठलाग करणाऱ्यानं वेगात येऊन एका हातानं खांब धरायचा, अंग हवेत लांब करायचं आणि दुसऱ्या हातानं पलीकडच्या गड्याला शिवायचं. जमलं तर गडी बाद. नाही जमलं तर छातीवर, हनुवटीवर, जशी पडाल तशी. सरांच्या मते सूर शिकायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मारायचा. खांबापलीकडे ते स्वतः फांदी घेऊन उभे राहायचे. जी कचरेल तिला पुन्हा.

जिल्ह्याचे सामने दिवाळीनंतर होते. गणपती उठले होते, पाऊस लवकर आटपला होता आणि मुरूम तापून भाजल्यासारखा कडक झाला होता. त्या दुपारी सूर चालू होते. माझा झाला, कसाबसा. गुडघा सोलला. माझ्यामागे ती मढची. ती नेहमीसारखी वेगात आली, खांबाला हात घातला आणि घामानं तो सटकला. तिचं डोकं खांबाच्या बुडाशी आपटलं. आवाज मोठा नव्हता. नारळ जमिनीवर ठेवावा तेवढाच.

ती पालथी पडली होती आणि उठत नव्हती.

सर म्हणाले, "ऊठ, काय झालं न्हाई."

ती हलली नाही. सरांनी जवळ जाऊन तिला काखेत हात घालून उचललं, तशी तिची मान एका बाजूला गेली. डोळे उघडे होते. ती मलाच बघत होती. म्हणाली, "माजं हात कुटं हायेत?"

हात तिच्या अंगालाच होते, दोन्ही बाजूंना लोंबत होते. कोणी तरी तोंडावर पाणी मारलं. कोणी कांदा आणायला पळालं. काय करायचं असतं हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि मला तेव्हाच दिसलं की ते सरांनाही माहीत नव्हतं. रस्त्यावर नारायणगावला जाणारी जीप थांबवली, आतली पाव्हणी मंडळी खाली उतरली, मागच्या बाकावर तिला आडवं केलं. फांदी कधीच कुठंतरी पडली होती. जीपचं दार सरांना लागेना, ते ड्रायव्हरनं येऊन लावलं.

पुढचे दिवस गावात जो तो वेगळं सांगायचा. ती आता चालणार नाही. तिला पुण्याला हलवलं. मान मोडली. शेवटी तिचा मामा आला आणि त्यानं सांगितलं की हातापायांत जीव परत आलाय, पण डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधलाय आणि बरेच महिने तिनं वाकायचं नाही, उचलायचं नाही, पळायचं तर नावच नाही. आई-वडील येऊन बघून गेले. दवाखाना जवळ म्हणून तिला मामाकडेच ठेवलं.

ती वाचली हे कळलं आणि त्याच दिवशी माझं अंग बंद पडलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी पळायचे, खो द्यायचे, पण खांब जवळ आला की पाय आपोआप थांबायचे. मला काहीच झालं नव्हतं, एक गुडघा तेवढा सोललेला. तरी झोपताना मान उशीवर ठेवली की मी आधी दोन्ही हातांची बोटं हलवून बघायचे. सकाळी उठल्यावरही आधी तेच.

सरांनी आठवडाभर सराव बंद ठेवला. मग पुन्हा शिट्टी वाजली. त्यांच्या हातात आता काही नव्हतं, पण माझ्या पोटऱ्यांना ते पटत नव्हतं. मी थांबले की ते जवळ यायचे आणि नुसते उभे राहायचे. मी पोट दुखतं म्हणू लागले, मग पाय मुरगळला म्हणू लागले. संडासात लपून शाळा रिकामी व्हायची वाट बघू लागले. घरी वडील बनियन स्वतः धुवून दोरीवर टाकायचे. तो वाळलेला दिसला की मी मागच्या दारानं बाहेर पडायचे.

मग एका शनिवारी सरांनी आम्हा काही मुलींना सांगितलं की उद्या मंचरला जायचंय. तिथल्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवणाऱ्या बाई होत्या, सर त्यांना सामन्यांतून ओळखत होते. एसटीत सर माझ्या पुढच्या बाकावर बसले. मला वाटलं, मला दुसऱ्याच्या हवाली करायला निघालेत, आणि त्या बाईंच्या हातात काय असेल, याचाच मी विचार करत राहिले.

बाईंच्या हातात कुदळ होती. खांबाभोवतीची जमीन त्यांनी उकरून घेतली होती आणि त्यात वाळू आणि वखारीतला लाकडाचा भुसा मिसळला होता. खांबाला खालपासून वरपर्यंत जुनी गोधडी सुंभानं आवळून बांधलेली. बाई साडीचा पदर खोचून त्यातच गुडघ्यावर बसल्या आणि धपकन पुढं पडल्या. मग मान वर करून म्हणाल्या, आज आपण एवढंच करायचं. पडायचं.

दिवसभर आम्ही पडलो. आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. आधी तळहात, मग छाती, हनुवटी वर. पळायचं नाही, खांबाला शिवायचं नाही, समोर गडी नाही. चुकलं की बाई सांगायच्या काय चुकलं, आणि पुन्हा. माझी पाळी आली तेव्हा त्या माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, भीती वाटते का? मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, कुठं वाटते? मी पोटावर हात ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पोटात असू दे. मानेत नको येऊ देऊ. मान ताठली की लागतं. बाकी भीती वाटली म्हणून कोणी बाद होत नाही."

भीतीबद्दल माझ्याशी कोणी पहिल्यांदाच बोलत होतं, आणि तेही गुडघ्याबद्दल किंवा खांद्याबद्दल बोलावं तसं.

सर मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उभे होते. मी पाणी प्यायला गेले तेव्हा बाई त्यांच्याशी बोलत होत्या. सर खाली बघून म्हणत होते, "आमाला असंच शिकवलं व्हतं, बाई. मारून. ह्याच्यापल्याड मला काय येतच न्हाई. पोरगी गेली असती." बाईंनी त्यांना काही सुनावलं नाही. पुढच्या रविवारीही या, एवढं म्हणाल्या, आणि भुसा कुठल्या वखारीत मिळतो ते सांगितलं.

आम्ही दिवाळीपर्यंत दर रविवारी गेलो. दरम्यान सरांनी आमच्याही खांबाखालचा मुरूम उकरला. स्वतः. संध्याकाळी ते त्या भुशात आमच्याआधी पडून बघायचे, एवढा मोठा माणूस, आणि उठल्यावर मिशीतला भुसा झाडायचे. आम्हाला हसू यायचं, पण हसायची हिंमत व्हायला बरेच दिवस लागले. मी चालत जाऊन खांब धरायला शिकले, मग धावत. भुशावर मला सूर जमू लागला. पण सामन्याच्या मैदानात भुसा नसतो, हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

जिल्ह्याच्या पहिल्या सामन्याला वडील आले होते. खांबाखाली नुसती कडक माती होती. बराच वेळ मी सूर टाळला, खांबाशी आले की पाटीतल्या दुसरीला खो देऊन मोकळी व्हायचे. शेवटी शेवटी त्यांची उरलेली एकच पळती मुलगी खांबाला वळसा घालायला निघाली आणि तिच्या मागे मी होते, खो द्यायला जवळ कोणी नव्हतं. पोटात तोच गोळा होता. मी मान ढिली सोडली आणि अंग टाकलं.

ती निसटली. माझी बोटं तिच्या झग्याला लागली नाहीत. मी छातीवर पडले, हनुवटी वर, तोंडात माती. आणि उठले. सरांकडे पाहिलं तर त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पुढं."

आम्ही हरलो. वडील परतीच्या वाटेवर म्हणाले, थोडक्यात निसटली ती पोरगी. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी मढच्या मुलीला सांगायला तिच्या मामाकडे गेले. गळ्यात पट्टा घालून ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मी सूर कसा मारला ते सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, तू हुकलीस म्हणून चिडवेल. तिनं लागलं का ते विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर ती रडायला लागली. पट्ट्यामुळे तिला मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे ती समोर बघतच रडत होती. मग तिनं सांगितलं की जीपमध्ये पडल्या पडल्या तिला वाटत होतं, आपले हात मैदानातच राहिलेत आणि कोणी तरी परत जाऊन ते आणायला हवेत. अजून झोपेतून दचकून उठते. मामीला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

"मला लई भ्या वाटतं गं," ती म्हणाली. "पयल्यापास्नं वाटायचं."

मी तिच्या शेजारी बसले. तिची बोटं थंड होती. ती मी एकेक करून दाबत राहिले आणि प्रत्येक वेळी विचारत राहिले, कळतंय का? ती हं म्हणायची. आतून मामीनं जेवायला हाक मारेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.